करवीरचीं तळीं आणि कोल्हापूरचे रस्ते

नगरांचे इतिहास आपल्याकडे बहुधा राजवाड्याच्या सज्जांतून लिहिले गेले आहेत. राजधानी केव्हां हलली, तट कोणीं बांधला, देवळास इनाम कोणीं दिलें, हें त्यांत सविस्तर सांपडतें. परंतु आषाढांतील एखाद्या रात्रीं गांवावर पडलेलें पाणी सकाळपर्यंत कोठें जात असे, या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागल्यास बखरी व सनदा मौन धरतात. कारण उघड आहे. जें काम बिनबोभाट होतें त्याची नोंद कोणी ठेवीत नाहीं. पाणी आपल्या वाटेनें जात आहे तोंपर्यंत तें इतिहासाचा विषय होत नाहीं; तें उंबरठा ओलांडून माजघरांत आलें म्हणजे मग त्याचा इतिहास सुरू होतो.

कोल्हापूरच्या बाबतींत हा इतिहास पाहण्याची वेळ आली आहे, असें आम्हांस वाटतें. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन सालीं पंचगंगेच्या महापुरानें शहराचे सखल भाग बुडविले. आणि याच पंधरासोळा वर्षांच्या मध्यंतरीं एका मोठ्या रस्ता-योजनेवरून या शहरानें असें आंदोलन केलें कीं, त्याचे पडसाद मुंबईपर्यंत उमटले. पूर आणि रस्ते हे दोन विषय वर्तमानपत्रांत निरनिराळ्या रकान्यांत छापले जातात. आमच्या मतें त्यांचें मूळ एकच असून तें बुजून गेलेल्या तळ्यांत आहे. तें कसें, हें दाखविणें हा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम भूमीचा विचार करूं. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या व लोकश्रद्धेप्रमाणें गुप्तपणें वाहणारी सरस्वती मिळून पंचगंगा होते. चिखलीजवळच्या प्रयाग संगमापासून ती हें नांव धारण करते, कोल्हापूर आपल्या उजव्या कांठावर ठेवून पूर्वेस जाते आणि नरसोबाच्या वाडीस कृष्णेस मिळते. शहरांत वर्षाचा पाऊस सरासरीनें चाळीस इंचांच्या आसपास पडतो. परंतु पश्चिमेस घाटमाथ्यावर गगनबावड्यास तो त्याच्या पांचपटीच्या घरांत जातो. म्हणजे कोल्हापुरास दोन पाण्यांशीं व्यवहार करावा लागतो. एक आकाशांतून गांवावर पडणारें आणि दुसरें घाटांतून नदीवाटे येणारें. पहिलें दक्षिणेकडील कळंब्याच्या बाजूनें उत्तरेस नदीकडे उतरतें. दुसरें नदीच्या पात्रांतून गांवाकडे चढतें. या दोहोंची भेट होऊं न देणें, किंवा झालीच तर दोघांसही टेकण्यापुरती जागा राखून ठेवणें, यांत या नगराच्या रचनेचें सारें मर्म आहे.

जुन्या लोकांस हें मर्म उमगलें होतें असें मानण्यास जागा आहे. आजचें कोल्हापूर हें मुळांत एक गांव नव्हे. ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा आणि रावणेश्वर अशा सहा लहान वस्त्यांच्या मिळणीनें तें झालें, असें परंपरा सांगते. या नांवांकडे थोडें लक्षपूर्वक पहावें. ब्रह्मपुरी ही नदीकांठची टेकडी; तेथें १९४५-४६ सालीं सांकळिया व दीक्षित यांनीं केलेल्या उत्खननांत सातवाहन काळापर्यंत मागें जाणारी वस्ती सांपडली. म्हणजे घरें उंचावर. उलट रंकाळा, पद्माळा आणि रावणेश्वर या तीनही वस्त्या आपापल्या तळ्यांच्या नांवानें ओळखल्या जात. म्हणजे खोलांत पाणी आणि त्याच्या कांठीं माणसें. खोलखंडोबाच्या नांवांत तर जमिनीची पातळीच नोंदलेली आहे. आजच्या इंजिनियरास जी माहिती यंत्र लावून मिळवावी लागते, ती पूर्वजांनीं ग्रामनामांत घालून ठेवली होती.

या तीन तळ्यांखेरीज कपिलतीर्थ, वरुणतीर्थ, कोटितीर्थ, लक्षतीर्थ, फिरंगाईचें तळें, सिद्धाळा, महालक्ष्मीच्या आवारांतील मणिकर्णिका अशीं कितीतरी जलस्थानें लहान परिघांत होतीं. रंकाळा ही मुळांत दगडाची खाण होती व भूकंपानंतर तिचें तळें झालें, अशी दंतकथा आहे. कथा खरी असो वा नसो, गांव बांधण्यासाठीं जेथून दगडमाती काढली तेथेंच गांवाचें पाणी सांठवावें, ही रीति दक्षिणेंत सर्वत्र दिसते.

तळ्याचें काम काय, असें विचारल्यास कोणीही सांगेल कीं, प्यावयास, धुण्यास आणि गुरांस पाणी देणें. हें उत्तर बरोबर असलें तरी अर्धेंच आहे. एक एकर जमिनीवर एक इंच पाऊस पडला तर तो सुमारें एक लाख लिटर भरतो. दहा एकरांचें एखादें तळें एका पावसांत केवळ एक फुटानें चढलें, तर त्यानें एक कोटि वीस लाखांच्या वर लिटर पाणी रस्त्यांवरून आणि ओढ्यांतून वाहण्यापासून थोपवून धरलें असा त्याचा अर्थ होतो. तेंच पाणी पुढें दिवसदोन दिवसांत सांडव्यावरून सावकाश उतरतें, कांहीं जमिनींत मुरतें, कांहीं आडांत जातें. ओढ्याचा लोंढा होत नाहीं तो या सावकाशीमुळें. तळ्याचें पहिलें काम देण्याचें, तें लोकांस रोज दिसत असे. दुसरें काम धरून ठेवण्याचें. तें वर्षांतून चारआठ दिवस होई, त्यासाठीं कोणास दमडी द्यावी लागत नसे, आणि म्हणून तें कोणाच्याही हिशेबाच्या वहींत चढलें नाहीं.

येथेंच पुढील अनर्थाचें बीज आहे. कोल्हापुरास १८५४ सालीं म्युनिसिपालिटी स्थापन झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कळंब्याच्या तलावाचें पाणी नळानें शहरांत आलें. ही सुधारणा खरोखरच मोठी होती. ज्या घरांतील बायकांचा निम्मा दिवस घागरी वाहण्यांत जात असे त्यांस ती किती मोठी होती, हें सांगावयास नको. परंतु नळ आला आणि तळ्याचें पहिलें काम संपलें. पहिलें संपलें तेव्हां लोकांस वाटलें कीं, तळ्याचें सारेंच काम संपलें. मग त्यांत केरकचरा पडूं लागला, पाणी हिरवें झालें, डांस झाले, घाण सुटली. आणि साचलेलें पाणी म्हणजे रोगाचें माहेर असें नवें आरोग्यशास्त्र शिकवीतच होतें. वाढत्या शहरास मोकळी जागा हवी होती. तेव्हां एकेक तळें बुजत गेलें. वरुणतीर्थाचें गांधी मैदान झालें, कपिलतीर्थावर भाजीमंडई बसली, रावणेश्वराच्या तळ्याच्या जागीं शाहू स्टेडियम उभें राहिलें. मणिकर्णिकाही बुजवून तिच्यावर बाग करण्यांत आली.

या तळीं बुजविणाऱ्यांस आज मूर्ख ठरविणें सोपें आहे, परंतु तें न्यायाचें होणार नाहीं. त्यांच्यापुढें रोगराई प्रत्यक्ष होती आणि पूर परोक्ष होता. शिवाय त्यांनीं शहरास जें दिलें तेंही कमी मोलाचें नाहीं. गांधी मैदानावरील सभा आणि शाहू स्टेडियमवरील फुटबॉलचे सामने काढून टाकले तर कोल्हापूरचें सार्वजनिक जीवन कितीसें उरेल? आमचा आक्षेप तळीं बुजविण्यावर नाहीं. तळें जें दुसरें काम करीत होतें तें यापुढें कोणीं करावयाचें, हें न ठरवितां तीं बुजविलीं, हा आमचा आक्षेप आहे. नोकरास निरोप देतांना त्याच्या हातचीं सर्व कामें कोणावर सोंपवावयाचीं, हें शहाणा गृहस्थ आधीं पाहतो. या शहरानें तें पाहिलें नाहीं. जमिनीनें मात्र आपली खोली सोडली नाहीं. म्हणूनच मोठा पाऊस झाला कीं गांधी मैदानावर आजही पाणी सांचतें, आणि लोक म्हणतात कीं मैदानाचें तळें झालें. वास्तविक तळ्याचें मैदान झालें होतें. पावसाळ्यांत तें आपलें मूळ नांव सांगतें इतकेंच.

तळ्यांनंतर ओढ्यांची पाळी आली. कळंब्याच्या बाजूनें उतरून शहरांतून पंचगंगेस मिळणारी जयंती आणि तिला मिळणारी गोमती यांस आज नाले म्हणतात. परंतु नांवें नद्यांचीं आहेत, आणि नदीचें नांव नाल्यास कोणी उगीच देत नाहीं. जुनें कोल्हापूर तटाच्या आंत वसलेलें होतें, आणि जयंती त्याच्या पूर्वेकडून, वेशीबाहेरून जात असे. १८९१ सालीं मिरजेहून आगगाडी आली, तिचें स्टेशन पूर्वेस झालें. १८९५ सालीं शाहू महाराजांनीं शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली. तिच्यामागून लक्ष्मीपुरी आणि राजारामपुरी झाल्या. शहर जयंती ओलांडून पूर्वेस गेलें, तट पडले, खंदक बुजले, आणि गंगावेस, रंकाळावेस हीं नांवें तेवढीं मागें राहिलीं. वेशीबाहेरचा ओढा अशा रीतीनें शहराच्या पोटांत आला. १९०१ च्या खानेसुमारींत या शहरांत सुमारें चोपन्न हजार माणसें होतीं. २०११ मध्यें तीं साडेपांच लाखांच्या घरांत गेलीं. नळानें जेवढें पाणी घरांत येतें तेवढेंच मोरीवाटे बाहेर पडतें. त्याची निराळी वाट वेळीं केली नाहीं, म्हणून तें जयंतीकडे वळलें, आणि पावसाचें पाणी नेणारी नदी घरांघरांतील सांडपाणी वाहूं लागली.

ही चूक एकट्या कोल्हापूरची नव्हे. लंडनमध्यें हाच क्रम घडला. घरांत नळ व शौचकूप आले, त्यांचें पाणी पावसाच्या गटारांत सोडलें गेलें, तें टेम्स नदीस मिळालें, आणि १८५८ च्या उन्हाळ्यांत त्या नदीची दुर्गंधि पार्लमेंटच्या सभागृहांत शिरली. तेव्हां कोठें बॅझलजेट या इंजिनियराच्या योजनेस पैसा मिळाला. दुर्गंधि राज्यकर्त्यांच्या नाकापर्यंत पोंचली, हें लंडनचें सुदैव. आपल्याकडे ती नदीबरोबर खालच्या गांवीं जाते. २०१२ सालीं पंचगंगेच्या खालच्या अंगास असलेल्या इचलकरंजींत काविळीची मोठी साथ आली, आणि या नदीच्या पाण्याचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. आतां कसबा बावडा व दुधाळी येथें सांडपाणी शुद्ध करण्याचीं केंद्रें झालीं आहेत आणि नाल्याचें पाणी अडवून, उपसून तिकडे नेलें जातें. परंतु मोठा पाऊस आला कीं नाल्याचें पाणी पंपांस आवरत नाहीं. दोन्ही पाणी एकत्र होऊन बांध ओलांडतें व नदीस मिळतें. ज्या दिवशीं पाणी सर्वांत अधिक असतें, त्याच दिवशीं ही व्यवस्था निरुपाय होते.

आतां रस्त्यांकडे वळूं. मुरमाचा रस्ता पावसांत चिखल होई हें खरें, परंतु तो पाणी पीतही असे. डांबर आलें आणि रस्ता पाणी पिईनासा झाला. काँक्रीट आलें आणि त्यानें पाण्यास वेगही दिला. शिवाय दर कांहीं वर्षांनीं जुन्या थरावर नवा थर चढतो, तो खरवडून काढण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. रस्ता अशा रीतीनें वर जातो आणि बाजूच्या जुन्या घरांचे उंबरठे, ते होते तेथेंच असून, खालीं जातात. आपल्या जुन्या पेठांत पायऱ्या चढून ज्या घरांत जावें लागे, त्यांतील कित्येकांत आज पायरी उतरून जावें लागतें. घर बांधणाऱ्या आजोबांनीं जोतें उंच घेतलें होतें. नातवाच्या काळांत रस्त्यानें त्यांची दूरदृष्टि गिळून टाकली.

या पार्श्वभूमीवर २००८-०९ च्या सुमारास सुरू झालेली रस्ते-विकास योजना पहावी. शहरांतील ४९.९९ किलोमीटर रस्ते सुमारें २२० कोटि रुपये खर्चून एका खाजगी कंपनीनें बांधावे आणि तीस वर्षें पथकर घेऊन आपला पैसा वसूल करावा, असा तो करार होता. १७ ऑक्टोबर २०१३ पासून टोल सुरू झाला. गांवांतल्या गांवांत फिरावयास कर द्यावयाचा, ही कल्पना कोल्हापूरच्या माणसास सहन होण्यासारखी नव्हती. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांसारखे वृद्ध नेते रस्त्यावर उतरले. मोर्चांस हजारों माणसें लोटलीं. १२ जानेवारी २०१४ रोजीं टोलनाके जाळण्यापर्यंत मजल गेली. डिसेंबर २०१५ मध्यें राज्य सरकारनें हा टोल रद्द केल्याचें जाहीर केलें. फेब्रुवारी २०१५ मध्यें गोळ्या घालून मारले गेलेले पानसरे हा दिवस पहावयास नव्हते.

रस्त्याचें मोल कोणीं द्यावें, हा या झगड्यांतील प्रश्न न्याय्य होता आणि लोकांनीं त्याचें उत्तर मिळविलें. करारांत पदपथ व पावसाळी गटारेंही होतीं, आणि तीं अपुरीं राहिल्याची तक्रार आंदोलकांनीं केली होती. परंतु गटारें पुरीं झालीं असतीं तरी खरा प्रश्न उरलाच असता. गटार म्हणजे पाण्याचा रस्ता. तें पाण्यास नेतें, ठेवीत नाहीं. पन्नास किलोमीटर रस्त्यांचें पाणी पूर्वींपेक्षां लवकर त्याच जयंतीकडे पोंचवावयाचें, आणि जयंतीच्या कांठीं मात्र इमारती व भिंती पुढें सरकत यावयाच्या, यानें पाण्याचा प्रश्न सुटत नाहीं. एका चौकांतून दुसऱ्या चौकांत जातो. वरच्या पेठेंतील रस्ता अर्ध्या तासांत कोरडा झाला कीं आपण कामाची वाखाणणी करतों. त्याच अर्ध्या तासांत खालच्या गल्लींत काय झालें हें पहावयास जात नाहीं.

आणि खालच्या गल्लींत दुसरें पाणी वाट पाहत असतें. शहराजवळ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फूट ही इशाऱ्याची आणि ४३ फूट ही धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टांत ती ५५ फुटांच्या वर गेली आणि २०२१ च्या जुलैंत ५६ फुटांच्या वर. नदी अशी चढली म्हणजे नाल्यांचीं मुखें बुडतात. गांवांतील पाण्यास बाहेर पडावयाचें दार बंद होतें. इतकेंच नव्हे, तर नदीचें पाणी त्याच दारानें आंत शिरतें. नदीच्या तीरापासून दूर असलेल्या शाहूपुरींत आणि व्हीनस कॉर्नरला पूर कसा येतो, याचें परक्या माणसास आश्चर्य वाटतें. तो जयंतीच्या वाटेनें येतो. अशा वेळीं वरून पाऊसही कोसळत असेल तर गांवचें पाणी आणि घाटचें पाणी यांची गांठ पडते. आणि तळीं जाऊन बसलेल्या जागा भरून गेल्यामुळें दोघेंही माणसांच्या घरांत उतरतात. आलमट्टीच्या धरणाचा दोष किती, यावर दर पुरानंतर मोठा वाद होतो. तो व्हावा, परंतु त्याचा निकाल कसाही लागला तरी तो नदीच्या पाण्यापुरताच असेल. आपल्या छपरांवर आणि आपल्या रस्त्यांवर पडलेल्या पाण्याचा जाब कर्नाटकास विचारतां येणार नाहीं.

या सर्वांचें मोल कोण देतो? दसरा चौकाजवळच्या सुतारवाड्यांतील कुटुंबांस पातळी वाढूं लागतांच सर्वांआधीं घर सोडावें लागतें. शाहूपुरीच्या कुंभार गल्लींत पूर येतो तो नेमका गणेशचतुर्थीच्या आधीं, जेव्हां वर्षाची सारी कमाई कच्च्या मातीच्या मूर्तींच्या रूपानें घरांत ओळीनें मांडलेली असते. २०१९ सालीं आणि पुन्हां २०२१ सालीं या मूर्तींचें पाण्यानें फार नुकसान केलें. टोलचा जाच सर्व शहरास समान होता, म्हणून सर्व शहर उठलें. पाण्याचा जाच उतारावर राहणाऱ्यांसच होतो, म्हणून चार दिवस अन्नछत्रें व मदतीच्या गाड्या चालतात, आणि पाणी ओसरलें कीं विषयही ओसरतो. कोल्हापूरकरांच्या औदार्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पुराच्या दिवसांत तें डोळ्यांनीं दिसतें. परंतु औदार्य हें नगररचनेच्या जागीं उभें राहूं शकत नाहीं.

मग करावें काय? बुजलेलीं तळीं सर्व पुन्हां खणावीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु मणिकर्णिकेवरील बाग काढून तें कुंड पुन्हां उकरण्याचें काम अलीकडे झालें, यावरून झालेलें कायमचें नसतें हें सिद्ध होतें. जीं जलस्थानें उरलीं आहेत तीं, म्हणजे रंकाळा, कोटितीर्थ, कळंबें, हीं केवळ सहलीचीं स्थळें नसून शहराच्या पावसाचीं कोठारें आहेत असें समजून त्यांचा गाळ काढावा आणि त्यांत येणारें सांडपाणी तोडावें. जुन्या तळ्यांचा व ओढ्यांचा एक नकाशा करून तो महानगरपालिकेनें सर्वांस पाहतां येईल असा लावावा, आणि कोणत्याही नव्या रस्त्यास मंजुरी देतांना एकच प्रश्न विचारावा कीं, या रस्त्याचें पाणी कोठें थांबणार? कोठें जाणार, हा प्रश्न पुरेसा नाहीं. गांधी मैदानासारख्या खोल जागा मोठ्या पावसांत कांहीं तास पाणी धरण्यासाठीं मुद्दाम राखतां येतील. वर्षांतले बाकीचे दिवस तेथें मुलांनीं खेळावें. नवा थर घालण्यापूर्वीं जुना खरवडावा. आणि नदीच्या निळ्या व लाल पूररेषा, म्हणजे पंचवीस वर्षांच्या आणि शंभर वर्षांच्या पुराच्या मर्यादा, या बांधकामाचा परवाना देतांना पाळाव्या, पूर आल्यावर दाखविण्यासाठीं ठेवूं नयेत.

हीं कामें अवघड नाहींत, पण त्यांत उद्घाटनाचा समारंभ करण्याजोगें थोडें आहे. नवा रस्ता सर्वांस दिसतो. न आलेला पूर कोणास दिसत नाहीं. ज्यांनीं हें गांव प्रथम वसविलें त्यांस टेकडीवर घर आणि खोलांत पाणी एवढा हिशेब समजला होता. आपल्या हातीं त्यांच्याहून पुष्कळ साधनें आहेत. त्यांचा उपयोग करून तोच हिशेब नव्या वहींत उतरवून घेणें, हें या पिढीचें काम आहे. आणि तें कोरड्या दिवसांत करावयाचें आहे.